टेपवर डिझॉल्व करताना सांधा का दिसतो आणि तो कुठे ठेवावा

प्रश्न असा आहे: दोन प्लेअर, एक रेकॉर्डर आणि मधे एक मिक्सर. साधे कट व्यवस्थित बसतात. पण एका दृश्यातून दुसऱ्यात डिझॉल्व करायला गेलं की तीन गोष्टी होतात. दुसऱ्या प्लेअरचं चित्र मिक्सरवर थरथरतं किंवा रंग सोडतं. डिझॉल्व सुरू होण्याच्या आधीच जुन्या दृश्याला एक झटका बसतो. आणि डिझॉल्व संपून थोडा वेळ गेला की रंगाची छटा अचानक बदलते. यंत्रं कशी जोडायची आणि कामाचा क्रम काय ठेवायचा?

यातली पहिली तक्रार सिंकची, म्हणजे यंत्रांची वेळ एकमेकांशी न जुळण्याची, आहे. उरलेल्या दोन सांध्याच्या आहेत. खुद्द डिझॉल्व, म्हणजे एक चित्र विरून दुसरं उमटणं, हे मिक्सरचं काम आहे आणि बहुतेक मिक्सर ते चोख करतात. टेपवर डिझॉल्व बिघडतो तो त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या जोडावर. म्हणून डिझॉल्वपेक्षा जास्त विचार त्या जोडांच्या जागेचा करायचा.

आधी यंत्रं. दोन चित्रं मिसळायची तर दोन्हींच्या ओळी एकाच क्षणी सुरू व्हायला हव्यात. टेपवरून येणारं चित्र असं कधीच वागत नाही. हेड ड्रमचा वेग आणि टेपचा ताण सतत सूक्ष्म बदलत असतो, त्यामुळे प्रत्येक ओळ थोडी पुढेमागे येते. मॉनिटर ते सहन करतो, मिक्सर करत नाही. म्हणून प्रत्येक प्लेअरच्या पुढे टाइम बेस करेक्टर, म्हणजे टीबीसी, हवा. दोन प्लेअरना दोन. एकच टीबीसी दोघांत फिरवून कट होतात, डिझॉल्व होत नाही. बीव्हीडब्ल्यू-७५ सारख्या बेटाकॅम एसपी यंत्रांत तो आतच असतो. यू-मॅटिक आणि व्हीएचएससाठी बहुतेक वेळा बाहेरून लावावा लागतो.

टीबीसी दोन जातींचे असतात आणि हा फरक न पाहिल्याने बरेच जण अडकतात. जुन्या टीबीसींची खिडकी लहान, १६ किंवा ३२ ओळींची. ते तेवढीच चूक पोटात घेतात, त्यामुळे प्लेअर आधीच सिंकला बांधलेला असावा लागतो: टीबीसीच्या ‘अॅडव्हान्स सिंक’मधून केबल काढून प्लेअरच्या बाह्य सिंकला द्यायची. ज्या प्लेअरला बाह्य सिंकची जागाच नाही, म्हणजे घरगुती व्हीएचएस, त्याला हे टीबीसी उपयोगाचे नाहीत. तिथे अख्खी फ्रेम साठवणारा फ्रेम सिंक्रोनायझरच लागतो. डब्ल्यूजे-एमएक्स५० सारख्या डिजिटल मिक्सरमध्ये असे दोन सिंक्रोनायझर आतच बसवलेले आहेत. साध्या प्लेअरवर काम करणाऱ्याला असा मिक्सर घेणं हाच सरळ मार्ग.

दोन्ही टीबीसी, मिक्सर आणि रेकॉर्डर या सगळ्यांना एकाच सिंक जनरेटरचा ब्लॅक बर्स्ट, म्हणजे वेळ जुळवण्यासाठीचा काळ्या चित्राचा संदर्भ सिग्नल, द्यायचा. रेकॉर्डरला तो देणं विसरलं जातं आणि मग ‘एडिट कधी नीट बसतो, कधी नाही’ अशी तक्रार येते. संदर्भ एका यंत्रातून पुढच्यात नेत असाल तर ७५ ओमचं टर्मिनेशन फक्त शेवटच्या यंत्रावर ठेवा. दोनदा लागलं तर सिग्नल मंद, अजिबात नसेल तर अति उजळ आणि कडांना भुतं.

आता फेज जुळवणी. दोन्ही प्लेअरमध्ये कलर बार असलेल्या टेप लावा. मिक्सरवर आडवा वाइप, म्हणजे एक चित्र पुसत दुसरं सरकत येणं, अर्ध्यात थांबवा: वर पहिल्या प्लेअरचे बार, खाली दुसऱ्याचे. उभ्या पट्ट्यांच्या कडा एका रेषेत येईपर्यंत दुसऱ्या टीबीसीची एच फेज, म्हणजे ओळ सुरू होण्याची वेळ, फिरवा. मग रंग जुळेपर्यंत सबकॅरियरची, म्हणजे रंग वाहून नेणाऱ्या लहरीची, फेज. वेव्हफॉर्म मॉनिटर (पातळी मोजणारा) आणि व्हेक्टरस्कोप (रंग मोजणारा) असतील तर ते बाह्य संदर्भावर ठेवा. अंतर्गत संदर्भावर ते प्रत्येक चित्राला आपोआप सरळ करून दाखवतात आणि चूक लपते. केबलची लांबीही मोजणीत येते: एक मीटर केबल म्हणजे साधारण ५ नॅनोसेकंद, आणि पाल या (भारतातल्या) टीव्ही पद्धतीच्या ४.४३ मेगाहर्ट्‌झ सबकॅरियरवर ते सुमारे ८ अंश होतात. म्हणून एकदा जुळवलेल्या केबली कामाच्या मधे बदलायच्या नाहीत.

पातळ्या प्रत्येक टेपच्या स्वतःच्या बारवर बसवा. पालमध्ये काळा ० आणि पांढरा ७०० मिलिव्होल्ट, रंगाचा संदर्भ देणारा बर्स्ट ३०० मिलिव्होल्ट. अमेरिकी एनटीएससीत काळा ७.५ आयआरईवर (सिग्नलच्या पातळीचं एकक) असतो. टीबीसीवर नॉबचे आकडे असतील तर ते लिहून ठेवा. प्रत्येक शॉटला नॉब फिरवण्याची सवय डिझॉल्वच्या कामात फार नडते, कारण तोच शॉट पुन्हा चालवायचा असतो आणि दुसऱ्यांदा तो वेगळ्या उजेडात येतो.

मास्टर टेपची तयारी. डिझॉल्व इन्सर्ट एडिटनेच करायचा, असेंबलने नाही. असेंबलमध्ये रेकॉर्डर नवा कंट्रोल ट्रॅक, म्हणजे टेपचा वेग सांभाळणाऱ्या स्पंदांची पट्टी, लिहीत जातो आणि आउट पॉइंटला, म्हणजे एडिट संपतो तिथे, तो तुटतो. तिथून पुढे आधी काही नोंदवलेलं असेल तर त्याआधी खड्डा पडतो. इन्सर्टमध्ये जुना कंट्रोल ट्रॅक तसाच राहतो आणि फक्त चित्र किंवा निवडलेला ध्वनी बदलतो. पण त्यासाठी टेपवर आधीपासून सलग कंट्रोल ट्रॅक हवा. म्हणून कोऱ्या टेपवर अथपासून इतिपर्यंत ब्लॅक बर्स्ट आणि सलग टाइमकोड, म्हणजे प्रत्येक फ्रेमचा वेळ-क्रमांक, नोंदवून घ्यायचा. ६० मिनिटांच्या टेपला ६० मिनिटं लागतात, त्याला पर्याय नाही. कार्यक्रम १०:००:००:०० वर सुरू होईल असा टाइमकोड ठेवा आणि त्याआधी दोन मिनिटं बार वगैरेसाठी सोडा. शून्यावर सुरुवात केलीत तर प्रीरोल, म्हणजे एडिटआधी टेप जितकी मागून धावते तो भाग, २३:५९ च्या घरात जातो आणि यंत्रं चालवणारा कंट्रोलर उलट दिशेने टेप शोधायला लागतो.

रेकॉर्डरला फ्लाइंग इरेज हेड, म्हणजे ड्रमवर फिरत नेमकं पुसणारा हेड, आहे ना हेही पाहा. नसेल तर प्रत्येक इन्सर्टच्या सुरुवातीला काही क्षण जुन्या रंगाचे इंद्रधनुषी पट्टे तरंगतात, आणि ते कुठल्याही जुळवणीने जात नाहीत.

आता मुख्य गोष्ट, सांधा. समजा पहिलं दृश्य मास्टरवर १०:००:१०:०० ला सुरू केलं आणि ते ‘अ’ प्लेअरच्या ०१:०४:३२:१० पासून घेतलं. डिझॉल्व १०:००:१८:०० ला सुरू व्हायचा आहे, २५ फ्रेमचा, म्हणजे पालमध्ये एक सेकंद. मास्टरवर नोंदवलेलं चित्र रेकॉर्डर परत मिक्सरला देऊ शकत नाही (काही डिजिटल यंत्रं देतात, त्यांच्याबद्दल खाली). म्हणून ‘अ’ पुन्हा चालवावा लागतो, डिझॉल्वच्या थोडं आधी त्याच फ्रेमवर रेकॉर्डिंग सुरू करावं लागतं, आणि मग मिक्सरवर ‘अ’मधून ‘ब’मध्ये जायचं. ही जी ‘त्याच फ्रेमवरची’ जोडणी, ती मॅच फ्रेम. इन पॉइंट मास्टरवर १०:००:१६:०० ठेवला तर तो मूळ सुरुवातीपासून ६ सेकंद पुढे आहे, म्हणून ‘अ’चा इन ०१:०४:३८:१०. डिझॉल्व सुरू होताना ‘अ’ ०१:०४:४०:१० वर असेल आणि पूर्ण विरेपर्यंत ०१:०४:४१:१० लागेल. ‘ब’चा इन पॉइंट म्हणजे तो पहिल्यांदा उमटायला लागतो ती फ्रेम, पूर्ण दिसते ती नव्हे. ‘ब’मधली महत्त्वाची हालचाल त्या एका सेकंदाच्या आत असेल तर ती अर्धवट चित्रात वाया जाते, म्हणून इन तेवढा आधी घ्या.

सीएमएक्स पद्धतीच्या ईडीएलमध्ये, म्हणजे एडिटांच्या यादीत, हे दोन ओळींत येतं: पहिल्या ओळीत ‘अ’ कटने, दुसऱ्या ओळीत ‘ब’ डी ०२५ ने. यात एक सापळा आहे. पहिल्या ओळीतला ‘अ’चा आउट डिझॉल्वच्या सुरुवातीला, ०१:०४:४०:१० वर, संपलेला दिसतो. पुढच्या २५ फ्रेम यादीत कुठेच नसतात. त्या २५ फ्रेमांत कॅमेरामनने कॅमेरा खाली घेतला असेल किंवा कुणी ‘कट’ म्हणून हललं असेल, तर ते डिझॉल्वच्या पोटात स्पष्ट दिसतं. ही शेपटी डोळ्यांनी पाहूनच डिझॉल्वची लांबी ठरवायची.

मॅच फ्रेमला झटका का बसतो, याची कारणं एकाहून जास्त आहेत.

सगळ्यात नेहमीचं कारण: पहिल्या वेळी ‘अ’ सरळ डब केबलने रेकॉर्डरला दिला होता आणि दुसऱ्या वेळी तो टीबीसी आणि मिक्सरमधून आला. मार्ग बदलला की धार, रंग आणि चित्राची आडवी जागा तिन्ही थोडी बदलतात. स्थिर शॉटमध्ये डोळा हे लगेच पकडतो. उपाय एकच: ज्या कार्यक्रमात एक जरी डिझॉल्व असेल त्याचे साधे कटसुद्धा मिक्सरमधूनच न्या. त्यामुळे चित्राची थोडी झीज होते, पण ती सगळीकडे सारखी होते आणि दिसत नाही.

दुसरं कारण टाइमकोडचं. आरएम-४४० सारखा कंट्रोलर टाइमकोड वाचत नाही. तो कंट्रोल ट्रॅकचे स्पंद मोजतो. टेप भराभर पुढेमागे केली की मोजणी काही फ्रेमने घसरते. कटला दोन फ्रेम इकडेतिकडे चालून जातात, मॅच फ्रेमला एकही चालत नाही. तो एक प्लेअर आणि एक रेकॉर्डर एवढंच सांभाळतो, त्यामुळे त्यावर शॉटच्या मधे मॅच करायचा प्रयत्न करू नका.

तिसरं कारण कलर फ्रेमिंग, आणि ते संमिश्र (रंग आणि उजेड एकाच तारेत) सिग्नलवर सबकॅरियरला बांधलेल्या यंत्रांपुरतं आहे. एनटीएससीत रंगाचं चक्र ४ फील्डमध्ये (फील्ड म्हणजे अर्धी फ्रेम) पूर्ण होतं, पालमध्ये ८ फील्डमध्ये. नवं चित्र चक्राच्या चुकीच्या जागी जोडलं गेलं तर रंग सांभाळण्यासाठी यंत्र अख्खं चित्र आडवं सरकवतं. एनटीएससीत ही सरक अर्ध्या सबकॅरियर चक्राएवढी, सुमारे १४० नॅनोसेकंदांची असते. ओळीच्या दिसणाऱ्या भागाच्या मानाने ती अगदी थोडी, पण खिडकीची चौकट किंवा खांब असलेल्या शॉटमध्ये उडी स्पष्ट कळते. एडिटरवर कलर फ्रेम लॉक चालू ठेवला की उडी जाते, मात्र त्या बदल्यात तुम्ही दिलेला एडिट पॉइंट पालमध्ये दोन फ्रेमपर्यंत सरकू शकतो. बेटाकॅम एसपी कंपोनंट (उजेड आणि रंग वेगळे) जोडणीने चालवत असाल तर हा प्रश्नच येत नाही. यू-मॅटिक आणि व्हीएचएसवर रंग वेगळ्या, खालच्या वारंवारतेवर नोंदलेला असल्याने मूळ सबकॅरियरचा संबंध आधीच तुटलेला असतो. तिथे हा स्विच फिरवत बसू नका, एच फेज आणि पातळ्याच पाहा.

पण माझं ठाम मत असं की शॉटच्या मधोमध मॅच फ्रेम शक्यतो करूच नये. वरच्या उदाहरणात १०:००:१६:०० ला जोडण्याऐवजी पहिला शॉट त्याच्या कटपासून, १०:००:१०:०० पासून, पुन्हा नोंदवा आणि त्याच दमात डिझॉल्व करा. सांधा मूळच्या कटवर येऊन पडतो. तिथे चित्र तसंही बदलणारच असतं, त्यामुळे छटेचा किंवा सरकीचा फरक कुणाला दिसत नाही. सहा सेकंद जास्त नोंदवण्याची किंमत किती क्षुल्लक आहे! शॉट फार लांब असेल किंवा मधे ध्वनीचं काम झालेलं असेल, तर सांधा अशा क्षणी ठेवा जेव्हा फ्रेममध्ये मोठी हालचाल आहे: कुणी कॅमेऱ्यासमोरून जातंय, पॅन चालू आहे. स्थिर चेहऱ्यावर किंवा फलकावर ठेवू नका. आणि चित्राचा सांधा करताना ध्वनीचे ट्रॅक इन्सर्टमधून वगळा, नाहीतर वाक्याच्या मधे टक्क असा आवाज बसतो.

हेच तत्त्व डिझॉल्वच्या नंतरही लावायचं. ‘ब’ सुरू झाला की तो त्याच्या शेवटच्या कटपर्यंत एकाच दमात जाऊ द्या. तुम्हाला रंग ‘थोड्या वेळाने’ बदललेला दिसतो त्याचं कारण बहुधा हेच: डिझॉल्वसाठी ‘ब’ची प्रत काढली, डिझॉल्व संपल्यावर काही सेकंदांनी मूळ टेपवर परत गेलात. प्रत एक पिढी खाली असते, रंगाच्या कडा पसरलेल्या आणि आवाज जरा खरखरीत. एका शॉटच्या आत पिढी बदलू नका. प्रत वापरली तर शॉट संपेपर्यंत प्रतच. ‘ब’मधून पुढे ‘क’मध्येही डिझॉल्व असेल तर दोन्ही एकाच रेकॉर्डिंगमध्ये करा: ‘ब’ चालू असताना ‘अ’ प्लेअरमध्ये ‘क’ची टेप चढवून क्यू करा. त्यासाठी ‘ब’ शॉट टेप बदलण्याइतका लांब हवा. नसेल तर ‘क’ आधीच ‘अ’च्या टेपवर असेल असं नियोजन करा. जुन्या फिल्मच्या ए-बी रोलप्रमाणे एकाआड एक शॉट दोन टेपवर वाटण्याची पद्धत यासाठीच आहे.

दोन्ही दृश्यं एकाच टेपवर असतील तर एकाची प्रत काढावीच लागते. ती काढताना डिझॉल्वच्या आधी निदान १० सेकंद जास्त घ्या. प्रीरोल बहुधा ५ सेकंदांचा असतो: तिन्ही यंत्रं इन पॉइंटच्या ५ सेकंद मागे उभी राहतात, एकत्र सुटतात आणि कंट्रोलर टाइमकोड ताडून कॅप्स्टनचा वेग कमीजास्त करून त्यांना एका फ्रेमवर आणतो. त्या पाच सेकंदांत टाइमकोड तुटला किंवा कॅमेरा नुकताच सुरू झालेला असला की एडिट रद्द होतो. म्हणून शूटिंगलाच सूचना द्यावी, टेप धावू लागल्यावर १० सेकंदांनी क्रिया सुरू. रेखीव ट्रॅकवरचा एलटीसी टाइमकोड टेप थांबली की वाचता येत नाही. चित्रात दडलेला व्हीआयटीसी थांबलेल्या फ्रेमवरही वाचला जातो. इन पॉइंट स्थिर फ्रेमवर निवडणार असाल तर दोन्ही असलेले बरे.

दोन प्लेअर चालवणारा कंट्रोलर नसेल तरी मार्ग आहे. ‘अ’ आणि रेकॉर्डर कंट्रोलरवर ठेवा. ‘ब’ हाताने सोडा: इन पॉइंटच्या ५ सेकंद आधी पॉजवर उभा करा, ‘अ’च्या मॉनिटरवर टाइमकोड पाहत योग्य क्षणी सोडा, आणि मिक्सरचा ऑटो २५ फ्रेमवर लावून बटण दाबा. चूक पाव सेकंदाच्या आसपास राहते. निसर्गदृश्य असेल तर ती कळतही नाही. बोलणारा माणूस असेल तर हे करू नका. आधी रेकॉर्ड न करता दोनतीनदा प्रिव्ह्यू घ्या. पण पॉजवर टेप मिनिटभराहून जास्त ठेवू नका, हेड एकाच जागी घासत राहतो आणि तिथेच ड्रॉपआउट, म्हणजे चित्रात पांढरे तुटक ठिपके, पडतात.

एकच प्लेअर असेल तर फेड वापरा. काळ्यात विरणं आणि काळ्यातून उमटणं हे दोन स्वतंत्र एडिट म्हणून करता येतात आणि सांधा काळ्यात पडतो. मॅचची गरजच उरत नाही. एवढंच पाहा की मिक्सरचा काळा आणि मास्टरवर आधी नोंदलेला काळा एकाच पातळीचे आहेत, नाहीतर अंधाऱ्या खोलीत पडदा ‘लुकलुकतो’. दुसरा मार्ग: फ्रेम साठवणाऱ्या मिक्सरवर ‘अ’ची शेवटची फ्रेम गोठवायची आणि त्याच प्लेअरवर दुसरी टेप लावून गोठलेल्या फ्रेममधून डिझॉल्व करायचा. ‘अ’ शॉटचा शेवट मुळात स्थिर असेल तरच हे शोभतं. हलत्या शॉटवर ते बिघाडासारखं दिसतं. एकाच फील्डवर गोठवा, नाहीतर हालचालीच्या कडा थरथरतात.

वाइपबद्दल थोडक्यात. घरगुती फॉरमॅटमध्ये चित्राच्या तळाशी काही ओळी हेड बदलण्याच्या गोंधळाच्या असतात. एरवी टीव्हीची चौकट त्या झाकते, पण चित्र आकुंचन पावणाऱ्या किंवा सरकणाऱ्या इफेक्टमध्ये त्या उघड्या पडतात. साधा, मऊ कडेचा वाइप वापरा.

ध्वनीचा मुद्दा मोठा आहे. चित्राचा डिझॉल्व एक सेकंदाचा असला तरी आवाजाचा क्रॉसफेड दोन सेकंदांचा घ्यावा, कान बदल जास्त सावकाश स्वीकारतो. सोपी रीत म्हणजे ‘अ’चा आवाज पहिल्या ट्रॅकवर आणि ‘ब’चा दुसऱ्यावर, दोन्ही एकमेकांवर चढतील असे, आणि मिश्रण नंतर. बेटाकॅम एसपीवरचे एएफएम ट्रॅक आणि व्हीएचएसचा हायफाय आवाज यात वापरता येत नाहीत: ते चित्राबरोबरच फिरत्या हेडने लिहिले जातात, त्यामुळे चित्र इन्सर्ट केलं की तेही पुसले जातात. स्वतंत्र इन्सर्ट फक्त रेखीव ट्रॅकवर होतो. आणि फ्रेम सिंक्रोनायझर चित्र एका फ्रेमपर्यंत, पालमध्ये ४० मिलिसेकंदांपर्यंत, मागे पाडतो. आवाज सरळ नेला तर तो पुढे राहतो. एका पिढीत हे कळत नाही, तीन पिढ्यांत ओठ आणि शब्द सुटे पडतात. ध्वनीलाही तेवढाच विलंब द्या किंवा पिढ्याच कमी करा.

टेपवर एखादा डिझॉल्व १२ फ्रेमने वाढवायचा ठरला आणि त्याने पुढचे शॉट सरकले तर त्यापुढचं सगळं पुन्हा नोंदवावं लागतं. म्हणून लांबीचे निर्णय चित्रावर टाइमकोड छापलेल्या व्हीएचएस प्रतीवर आधी घ्या. तीव्र उजेडाच्या दृश्यातून अंधाऱ्या दृश्यात जाताना डिझॉल्व जास्त फ्रेमचा ठेवावा लागतो, कारण उजळ चित्र शेवटपर्यंत वरचढ राहतं आणि बदल शेवटी एकदम घडल्यासारखा वाटतो. दोन्ही शॉटमध्ये कॅमेरा विरुद्ध दिशांना फिरत असेल तर डिझॉल्वपेक्षा कट बरा.

डिजिटल बेटाकॅमच्या (१९९३) डीव्हीडब्ल्यू-ए५०० सारख्या रेकॉर्डरवर प्री-रीड असतो: यंत्र मास्टरवरचं चित्र पुसण्याच्या आधी वाचून मिक्सरला देतं, म्हणजे रेकॉर्डरच ‘अ’ प्लेअर होतो आणि एका प्लेअरवर डिझॉल्व निघतो. मॅचचा प्रश्न संपतो. पण त्या २५ फ्रेमांतला जुना शॉट कायमचा जातो. डिझॉल्व चुकला तर ती जागा पुन्हा मूळ टेपवरून भरावी लागते, म्हणून प्री-रीडने एडिट करण्याआधी ‘अ’चा मूळ टाइमकोड कागदावर असलाच पाहिजे.